बाबांचा संसार, नवऱ्याचा व्हिसा

सांता क्लारात होमस्टेड रोडवर गावाचं मोठं वाचनालय आहे आणि त्याला लागून एक बाग. बागेचं नाव सेंट्रल पार्क. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही सातआठ मराठी बायका तिथे पुस्तक घेऊन बसतो. गेल्या वेळी मराठी पुस्तकाऐवजी मी एक इंडोनेशियन कादंबरी नेली होती, अयू उतामी यांची 'सामन'. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका इंडोनेशियन सहकारिणीने तिचं इंग्रजी भाषांतर मला वाचायला दिलं होतं. कादंबरीच्या सुरुवातीला लैला नावाची तरुणी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका विवाहित माणसाची वाट बघत बसलेली असते. आमच्या सेंट्रल पार्कात बसून ते वाचताना गंमत वाटली.

पण चर्चा रंगली ती दुसऱ्याच प्रसंगावर. लैलाची मैत्रीण शकुंतला नर्तकी आहे. ती जावामधली, त्यामुळे तिला एकच नाव, आडनाव नाही. परदेशी वकिलातीत व्हिसाचा अर्ज भरताना आडनावाची जागा रिकामी राहते, तेव्हा तिला तिथे बापाचं नाव लिहायला सांगितलं जातं. या मुलीचं बापाशी हाडवैर. प्रसंग जेमतेम पानभराचा आहे, पण बाईचं शरीर, तिचा प्रवास आणि तिचं नाव यांवर कोणाचा शिक्का लागतो, हे त्यात स्पष्ट दिसतं.

हा प्रसंग वाचून आमच्यातल्या प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. मराठी बाईच्या नावात मधली जागा आधी वडिलांची असते, मग नवऱ्याची. इथल्या फॉर्मवर ते मधलं नाव कुठे बसवायचं, हा घोळ सगळ्यांनीच घातलेला. मग मला प्रश्न पडला की असा प्रसंग आपल्या परदेशस्थ मराठी कथेत मी कुठे वाचला आहे? मला एकही आठवला नाही. आपल्या कथांमधली बाई मोदक वळते, मुलांना मराठी शाळेत नेते, सासूच्या व्हिसाची कागदपत्रं जुळवते, एकटेपणाने खिडकीतून बर्फ बघते. तिचा स्वतःचा व्हिसा कोणता आहे, ते लेखक सांगत नाही.

मी स्वतः दोन वर्षं एच-४ वर होते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. २०१५च्या मे महिन्यापर्यंत या व्हिसावर नोकरीच करता येत नव्हती. त्यानंतर परवाना मिळू लागला, पण मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला आहे त्यांनाच. आमचा पोचला नव्हता. पीएच.डी. हातात असताना मी दुपारी सुपरमार्केटात उभी राहून हिशोब करायचे की ही कॉफी 'आपल्या' पैशांची की 'त्याच्या'. नवरा कधीच काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचंही मला ओझं वाटायचं.

त्या दोन वर्षांत मी गौरी देशपांडे अधाशासारख्या वाचल्या. 'एकेक पान गळावया' १९८० सालचं, 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' १९८५ सालचं. मराठी कथेतली बाई परदेशात खऱ्या अर्थाने वावरली ती गौरींच्या लेखनात. 'तेरुओ'मध्ये विवाहित नायिकेच्या आयुष्यात एक जपानी तरुण येतो, आणि लेखिका त्या नात्याला गुन्हा आणि शिक्षेच्या चौकटीत बसवत नाही. 'एकेक पान गळावया'मधली राधा नवऱ्याच्या पश्चात नुसती 'आई' म्हणून उरायला तयार होत नाही. या बायका कोणाची परवानगी मागत नाहीत. मला तेव्हा त्याचीच गरज होती.

पण मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून बसलं की एक गोष्ट टोचायची. या बायकांना पैसेही मागावे लागत नाहीत. घर, प्रवास, पुस्तकं, निवांतपणा हे सगळं आधीच जागच्या जागी असतं. गौरींच्या नायिका उच्चवर्गीय आहेत हा आक्षेप जुनाच आहे, आणि तो घेणारे बरेचदा त्यांच्या धीटपणावरचा राग वर्गाच्या नावाखाली काढतात. मला तसं म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्वातंत्र्य मनाने ठरवायची गोष्ट आहे असं त्या कथा मानतात, आणि तसं मानायला पायाखाली जमीन असावी लागते. एच-४ वरच्या बाईच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नोकरीची असते. त्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम संपतो.

म्हणून मी मागे गेले, विभावरी शिरूरकरांकडे. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ सालचं. लिहिणाऱ्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, तेव्हा हिंगण्याच्या संस्थेत शिकवत होत्या. पुस्तकाने एवढी खळबळ उडाली की ही विभावरी कोण यावर तर्क लढवले गेले. आज वाचताना धक्का बसतो तो निराळ्याच गोष्टीचा. या कथांमधल्या शिकलेल्या, मिळवत्या मुलींचे पगार घरी जातात आणि लग्नं लांबत जातात. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेच्या शीर्षकातच सगळं आलं. शिक्षण दिलं, नोकरी करू दिली, पण त्या कमाईवर हक्क कोणाचा? सुधारकांनी न विचारलेला हा प्रश्न सुधारकांच्याच संस्थेतल्या शिक्षिकेने विचारला. गौरी म्हणजे त्याच हिंगण्याच्या संस्थेच्या संस्थापकांची, महर्षी कर्व्यांची नात. एका घराण्याच्या अंगणात हे दोन्ही प्रश्न वाढले, आणि मधल्या पन्नास वर्षांत पगाराचा प्रश्न सुटला असं आपण गृहीत धरलं.

सिलिकॉन व्हॅलीत तो उलटा होऊन परत आला. विभावरींच्या मुलीला कमवावंच लागतं, इथल्या बाईला कमवायची मनाई. दोघींच्या आयुष्याचा हिशोब दुसऱ्या कोणाच्या वहीत लिहिला जातो.

मी हे मांडल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकू हसल्या. त्या १९७४ साली ग्रीन कार्डावर आलेल्या.

"अगं, मला आल्या आल्या नोकरी लागली. चेक माझ्या नावाचा यायचा. पण डबे मी भरायचे, पाहुण्यांचं मी करायचे, आणि तो चेक बँकेत भरायला हे जायचे. वीस वर्षं मला वाटत होतं, मी स्वतंत्र आहे."

"मग कधी कळलं, काकू?"

"तुझ्या त्या गौरीबाई वाचल्यावर."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. पगाराशिवाय गौरी पोकळ वाटतात हे माझं खरं, आणि गौरींशिवाय पगार नुसता चेक राहतो हे काकूंचं खरं. दोन्ही एकाच कथेत आणणारी लेखिका आपल्याला हवी आहे.

इंडोनेशियात हा धागा कायद्यापर्यंत ताणलेला दिसतो. प्रामुद्या अनंता तूर यांची 'बुमी मानुसिया' १९८० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली गेली. तिच्यातली न्याई ओन्तोसोरो ही डच माणसाला विकलेली जावामधली मुलगी. त्याचा सगळा व्यवसाय ती एकहाती चालवते. पण वसाहतीच्या कायद्यात ती बायको नाही, म्हणून मालमत्ता आणि पोटची मुलगी दोन्ही कोर्ट काढून घेतं. तिच्या दुःखाशी माझ्या कॉफीची तुलना करणं हास्यास्पद होईल. पण कर्तृत्व, प्रेम, हुशारी सगळं असूनही कागदावर बाई कोण आहे यावर गोष्ट फिरते, हे प्रामुद्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांच्या कादंबरीत कोर्ट येतं, अयू उतामींच्या कादंबरीत वकिलात येते.

'सामन' १९९८ साली आल्यावर, पुढे अशा लेखिकांना तिकडे 'सास्त्रा वांगी', म्हणजे सुगंधी साहित्य, असं लेबल चिकटवलं गेलं. एवढं धीट लेखन कुणा पुरुषानेच केलं असणार, अशी कुजबुजही झाली. विभावरींना ही गोष्ट ऐकून फारसं आश्चर्य वाटलं नसतं.

आपल्याकडे अडचण टीकेची नाही, संकोचाची आहे. इथे गणपतीत, दिवाळी अंकात सगळे एकमेकांना ओळखतात. घरातल्या पैशांचं लिहिलं तर 'नवरा छळतो की काय' असं लोकांना वाटेल, ही भीती. मलाही हा लेख लिहिताना वाटली. नवऱ्याला आधी वाचायला दिला. त्याने कॉफीच्या परिच्छेदापाशी थांबून विचारलं, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

त्या प्रश्नात एक कथा आहे. ती कोणीतरी लिहावी. एच-४ वर असलेल्या, आत्ता दुपारी मुलाला झोपवून हे वाचत असलेल्या एखादीने लिहिली तर फारच उत्तम. विभावरींसारखं टोपणनाव घेतलं तरी चालेल.