काठावरची खुर्ची

नदीकाठी फिरण्याची वाट बांधली की तिच्यामागोमाग खुर्च्या येतात. आधी चहाची टपरी येते, मग भेळ आणि मक्याची कणसे, मग एखादे कॅफे, आणि वाट पुरेशी नावाजली तर उघड्यावर बसून बिअर पीत सूर्यास्त पाहण्याची सोय. अमेरिकेतल्या शहरांत हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. तिथे जुन्या रेल्वेमार्गांवर किंवा पाण्याच्या कडेने पायवाटा होतात आणि मद्यालयांची अंगणे त्या वाटांकडे तोंड करून उघडतात. आपल्याकडे मोठ्या शहरांना आणि गोव्याला याची ओळख झाली आहे. रोहा-अष्टमीसारख्या गावांत हे अजून पुरते आलेले नाही, म्हणून त्याचा विचार आत्ताच करणे बरे. भाडेपट्टे झाल्यानंतरच्या समीक्षेला स्मरणिकेपलीकडे किंमत नसते.

अष्टमी आणि रोहा ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावे; नगरपरिषद दोघांची मिळून एकच. आज रोह्याचे नाव मोठे वाटते, पण अष्टमीचे नाव जुन्या कागदांत मानाने येते. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन चौलच्या बाजूने होडीने अष्टमीपर्यंत आला, इथे उतरला आणि निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. इंग्रजांनी गावाचे नाव ‘एस्थेमी’ असे काहीतरी करून ठेवले आहे. तेव्हा हा काठ म्हणजे उतरण्या-चढण्याची, मालाची, वर्दळीची जागा होती. नदीकाठचा व्यापार इथे नवा नाही. उलट गाव ज्या कारणाने वसले त्यातले ते एक कारण. पुढे होड्या गेल्या, रस्ता आला, रेल्वे आली, आणि बाजाराने पाण्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केले. अलीकडच्या वर्षांत रोह्याच्या बाजूला नदी संवर्धनाच्या नावाने काठ बांधून काढला गेला आणि माणसे संध्याकाळी पुन्हा पाण्याकडे जाऊ लागली. म्हणजे गिऱ्हाईक जमले. आता दुकानाने तोंड फिरवायचे तेवढे राहिले आहे.

हे पाणी तरी कुठले? कुंडलिकेला उन्हाळ्यातही जी धार असते तिचा मोठा भाग घाटमाथ्यावरून येतो. मुळशीचे पाणी स्वभावाने पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारे. टाटांच्या धरणाने ते अडवले, डोंगरातून पश्चिमेला वळवले आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून ते खाली उतरू लागले. त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, आणि तरीही गावे बुडाली. आज त्याच पाण्याच्या रोजच्या विसर्गावर कोलाडचे राफ्टिंग चालते. वीजकेंद्रातून पाणी सुटले की बोटी निघतात. त्या जोरावर रोहे तालुक्यातल्या नदीकाठी रिसॉर्ट आणि तंबूंची वस्ती उभी राहिली. स्थानिक पोरांना काम मिळाले, हे खरेच आहे आणि ते नाकारणारा मुंबईत राहत असावा. पण तिथली नदी पाहायची तर बहुधा कुणाच्या तरी हिरवळीवरून पाहावी लागते. मुळशीकरांनी जमीन दिली, वीज मुंबईला गेली, आणि उरलेल्या देखाव्यावरही प्रवेशमूल्य लागले.

माझा मुद्दा हाच आहे. काठावरच्या वाटेचे मूल्य सार्वजनिक पैशातून तयार होते. वाट नसेल तर तिथल्या गाळ्याला फारसे भाडे येणार नाही. वाट झाली की ते भाडे वाढते, आणि वाढलेला फरक ज्याच्या दारासमोरून वाट गेली त्याच्या खिशात पडतो. तो फरक कुणाचा, हे ठरवल्याशिवाय ‘विकास हवा की नको’ हा वाद म्हणजे पाटावर बसण्याआधीच जेवणाची चव सांगण्यासारखे आहे.

अटलांटाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके. जॉर्जिया टेकमधल्या रायन ग्रेव्हल नावाच्या विद्यार्थ्याने १९९९ साली आपल्या प्रबंधात शहराभोवतीचा सुमारे २२ मैलांचा जुना रेल्वेमार्ग जोडून त्याचा उपयोग ट्रान्झिट आणि वस्त्या सांधण्यासाठी करावा असे मांडले. लोकांनी ती कल्पना उचलली, ‘बेल्टलाइन’ झाली. पूर्वेकडचा टप्पा २०१२ मध्ये खुला झाला. त्याच्या कडेला सीअर्स कंपनीची अवाढव्य जुनी इमारत होती. २०१४ पासून तिथे दुकाने, खाणावळी आणि घरे आली. गोदामांच्या मागच्या भिंतींना दारे पाडून उघड्यावरची मद्यालये निघाली. संध्याकाळी तिथे चालायला जागा नसते. घरांचे भाव मात्र असे चढले की ज्या वस्त्या जोडायच्या म्हणून वाट आखली, त्यातल्याच लोकांना तिथे राहणे जड जाऊ लागले. २०३० पर्यंत ५६०० परवडणारी घरे बांधण्याचे उद्दिष्ट होते. त्याच्या संथ गतीवर बोट ठेवून खुद्द ग्रेव्हलने २०१६ मध्ये बेल्टलाइनच्या भागीदार संस्थेचे संचालकपद सोडले. ज्याच्या डोक्यातून वाट निघाली त्यालाच बाहेर पडावे लागले, यापेक्षा कडक परीक्षण दुसरे कुठले?

तरीही मद्यालय म्हणजे वाईट, असे मी म्हणणार नाही. जेन जेकब्ज यांनी १९६१ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात शहरी रस्त्याच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपल्याच रस्त्यावरच्या ‘व्हाइट हॉर्स’ या मद्यगृहाची बाजू घेतली होती. रात्री उशिरापर्यंत तिथे माणसांची ये-जा असते, म्हणून रस्ता ओसाड पडत नाही. आपल्याकडे याचा विचार वेगळ्या वाटेने झाला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकाने मुंबईतल्या बायकांविषयी एक साधी गोष्ट दाखवून दिली: बाईला बाहेर थांबायला कारण लागते. पुरुष पुलाच्या कठड्यावर उगाच बसू शकतो. बाईच्या हातात पिशवी, बरोबर मूल किंवा समोर कॉफी असावी लागते. या हिशेबाने काठावरचे कॅफे बायकांना सोयीचे ठरते. फक्त ते कारण दीडशे-दोनशे रुपयांना विकत घ्यावे लागते, आणि ज्या बाईकडे ते नाहीत तिने घरी बसायचे, अशी त्यातली पाचर आहे.

इथे आपल्या परमिट रूमचीही आठवण ठेवायला हवी. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आणि त्यातल्या परवान्याच्या तरतुदींतून जी पिण्याची संस्कृती घडली ती लपण्याची. काळ्या काचा, पडदा, मंद दिवा, बाहेर ‘फॅमिली रूम’ची वेगळी पाटी. महामार्गाकडेच्या गार्डन रेस्टॉरंटांनी थोडा उघडेपणा आणला, पण झाडांच्या आडोशानेच. त्यामुळे नदीकाठी उघड्यावर ग्लास दिसला की गावातले वादंग लगेच संस्कृतीवर येते. विरोधक म्हणतात पोरे बिघडतील, समर्थक म्हणतात पर्यटन वाढेल. या गलबल्यात भाडेपट्टा कितीचा, किती वर्षांचा, कुणाच्या नावे, हे कुणी विचारत नाही. ज्याला तो पट्टा हवा असतो त्याला हा वाद फार आवडतो.

संस्कृतीचा प्रश्न गावाला सोडवायचाच असेल तर साधन उपलब्ध आहे. २००८ च्या शासन आदेशाने प्रभागातले मतदार मतदान मागून ‘आडवी बाटली’ करू शकतात, महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांवर दुकान बंद होते. तो निर्णय बायकांनी घ्यावा. लेखकाने त्यात लुडबूड करू नये.

खरा धडा मद्य नसलेल्या ठिकाणीच मिळतो. अहमदाबादला दारूबंदी आहे, तेव्हा साबरमतीच्या काठावर बारचा प्रश्नच नाही. तिथल्या नदीतही पाणी बाहेरचे, नर्मदेच्या कालव्याचे. या बाबतीत कुंडलिका आणि साबरमती मावसबहिणी. काठ काँक्रीटने बांधला, हजारो झोपडीवासी कुटुंबे हलवली, शतकांची परंपरा सांगणारा गुजरीचा रविवारचा बाजार आखलेल्या चौकटीत बसवला. २०२२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी अटल पूल झाला, आणि त्यावरून चालायला तिकीट ठेवले. एक थेंब दारू न विकताही काठ विकता येतो तो असा. त्याच वास्तुरचनाकारांच्या हातून पुण्याच्या मुळा-मुठेचा काठसुधार आखला गेला आहे, हे लक्षात असू द्यावे. पुण्याला तसा हा अनुभव नवा नाही. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात नदीकाठी लॉन, मंगल कार्यालये आणि हॉटेले उभी राहिली, निळ्या पूररेषेच्या आत भराव पडले, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. पणजीत मांडवीच्या काठावरची सुंदर फेरी आता कॅसिनोंच्या बोटींकडे नेणाऱ्या धक्क्यांनी आणि काउंटरांनी अडखळते.

याउलट मरीन ड्राइव्ह. तिथे चैनीची हॉटेले आहेत, पण ती रस्त्याच्या पलीकडे. समुद्र आणि माणूस यांच्यामध्ये फक्त एक कठडा आहे, आणि त्या कठड्यावर बसायला काही लागत नाही. शेंगदाण्याची पुडी घेतली तर घेतली. प्रेमी युगुले, पेन्शनर, लोकल चुकलेले, नोकरी गेलेले सगळे त्याच उंचीवर बसतात. मुंबईतली ही सर्वांत लांब बैठक कुणी बैठक म्हणून फारशी गाजवली नाही, पण नगररचनेचा एवढा उदार निर्णय या राज्यात क्वचितच झाला असेल. गिरगाव चौपाटीची भेळ आहेच, पण तिची जागा एका टोकाला आहे.

कोकणाला जवळचे उदाहरण हवे असेल तर शॅकचे घ्यावे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यात सप्टेंबर ते मे या काळापुरते तात्पुरते बांधकाम मान्य केले, पावसाळ्याआधी काढायचे. महाराष्ट्राने २०२० मध्ये आपले शॅक धोरण आणले आणि सुरुवातीला आठ किनारे निवडले, त्यांत रायगड जिल्ह्यातले वरसोली आणि दिवेआगर. ८० टक्के शॅक स्थानिकांना, परवाना तीन वर्षांचा. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपाऱ्या आडव्या केल्या, त्यामुळे धोरणाचा कागद आणि किनाऱ्याची हलाखी एकत्रच आली. पण कागद म्हणून तो चांगला आहे. मुदत आहे, मोसम आहे, स्थानिकांचा वाटा आहे. एकच गोष्ट राहिली: शॅकसमोर पैसे न देता बसणाऱ्याला किती वाळू, हे तिथेही ठळक नाही.

रोहा-अष्टमीत समुद्र नाही, नदी आहे, आणि नदीचा पूर आहे. पावसाळ्यात डोलवहाळ बंधाऱ्यावरची पातळी जिल्हा प्रशासनाच्या पूर-अहवालात असते ती उगाच नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, तिच्या आत पक्के बांधकाम निषिद्ध. म्हणजे काठावर जे काही होईल ते हातगाडीच्या जातीचे, उचलता येण्यासारखे असावे, हे नियमातूनच निघते. आणि हातगाडीचा कायदा आपल्याकडे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे ठरवले. २०११ च्या जनगणनेत रोहा-अष्टमीची लोकसंख्या एकवीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे पाचशेहून अधिक विक्रेते. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण आणि रानभाज्या विकणारी कातकरी बाई यांचा काठावरचा हक्क इथून सुरू होतो. एखाद्या कॅफेवाल्याची निविदा त्यानंतर यावी. क्रम उलटा झाला तर काठ सुशोभित होतो आणि विक्रेत्या पुलाच्या तोंडाशी ऊन खात बसतात.

मग बार? असावा, गावाची संमती असेल तर. कोकणातल्या घराला अंगण, पडवी आणि ओटी अशा पायऱ्या असतात. अनोळखी माणूस कुठपर्यंत यावा हे त्या न बोलता सांगतात. काठाच्या भाडेपट्ट्यात तशाच पायऱ्या लिहून घेता येतील. पाण्याला लागून असलेली बाके आणि कठडा पूर्ण लांबीने मोकळा. तिथे कुणाचे टेबल नाही. त्याच्या मागे फेरीवाल्यांच्या ठरलेल्या जागा. खुर्च्या त्याच्याही मागे, दर मोसमाच्या भाड्यावर, आणि भाड्यातला ठरावीक हिस्सा पिण्याच्या पाण्याचा नळ व बायकांचे स्वच्छतागृह चालू ठेवण्यासाठी वेगळ्या खात्यात. दिव्यांचे बिल कुणी भरायचे तेही त्यात असावे, कारण काठावरचे दिवे विझले की पहिल्यांदा बायका घरी जातात. आणि मृगाच्या आधी खुर्च्या, छत्र्या, फळ्या काठावरून उचलून न्यायच्या. न नेल्यास अनामत जप्त, हे कलम शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको, पहिल्या पानावर हवे.