रसिक की दरवान?

हेवी मेटलसारख्या कानठळ्या बसवणाऱ्या संगीताचा आपल्या अंकाशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे. रसिक माणूस कलेचा दरवान कसा बनतो, याचा इतका ठळक नमुना दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मेटलचे चाहते आपल्या संगीताचे थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम असे पोटभेद पाडतात. भेद ओळखणे ही जाणकारी झाली. पण त्यावरून ऐकणाऱ्याची पायरी ठरू लागते, तेव्हा जाणकारीचा अहंकार होतो. बँडचा टी-शर्ट घातलेल्या मुलाला, त्याहून अधिक मुलीला, 'यांची तीन गाणी सांग' म्हणून हटकले जाते. बँड लोकप्रिय झाला की तो 'विकला गेला'. मेटालिकाने १९९१ साली स्वतःच्याच नावाच्या अल्बममध्ये गाणी आटोपशीर केली, तो अफाट खपला आणि अनेक जुन्या चाहत्यांनी त्या खपालाच गुन्हा ठरवले.

मुंबईत १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' धोबीतलावच्या रंगभवनात गाजला. २००० साली स्थापन झालेला 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँडही मुंबईचाच. तो गातो इंग्रजीत. त्यात वाईट काही नाही. पण पेण-रोह्याच्या उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलासाठी या मैफलीला आणखी एक दार लागते, ते भाषेचे.

वस्तुतः हे संगीत जन्मले कोठे? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. तेथील टोनी आयोमी या तरुण कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्याने प्लॅस्टिकच्या टोप्या बनवून बोटांना लावल्या, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, गंभीर स्वर आला. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम निघाला, तेव्हा प्रतिष्ठित समीक्षकांनी नाक मुरडले होते. म्हणजे खानदानी अभिरुचीने दाराबाहेर ठेवलेल्यांचे हे संगीत. धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाच्या मुलाला ते परके का वाटावे? परके वाटलेच, तर ते दरवानामुळे.

हा दरवान आपल्याही ओळखीचा आहे. घरी कोकणी बोलणारा आपला मुलगा उर्दूत शेर म्हणू लागला की कोणी 'अहले-ज़बान' त्याचे शीन-क़ाफ़ तपासतो. तलफ़्फ़ुज़ शुद्ध असावा, हे आम्ही शिक्षक वर्गात रोज सांगतो. पण उच्चार सुधारणे वेगळे आणि त्यावर हसून मुलाला गप्प करणे वेगळे. गप्प झालेल्या मुलाचा उच्चार कधीच सुधारत नाही.

इंडोनेशियातील गारुत जिल्ह्यात २०१४ साली मदरशात शिकणाऱ्या तीन मुलींनी 'व्हॉइस ऑफ बासेप्रोत' हा मेटल बँड काढला. बासेप्रोत म्हणजे गोंगाट. डोक्यावर हिजाब, हातात गिटार. त्यामुळे गावातून विरोध झाला. पण त्यांना हे संगीत ऐकवणारा त्यांच्याच शाळेतला एक शिक्षक होता. २०२४ साली त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. त्या शिक्षकाने आधी 'तीन गाणी सांगा' म्हटले असते, तर?

जाणकाराचा मान त्याच्या माहितीवर ठरू नये. त्याच्यामुळे किती नवे कान त्या संगीताकडे वळले, यावर ठरावा.