ऑफिस मार्केटचे अहवाल: चौरस फूट मोजले, कामाचे दिवस कुठे गेले?

सिनॉप्सिसमध्ये मुंबई-पुण्याच्या नव्या ऑफिस इमारतींबद्दल लिहायचं म्हटलं की आपण नाइट फ्रँक, जेएलएल, सीबीआरई यांचे अहवाल उघडतो. आकडे ताजे, तक्ते देखणे. 'दुय्यम साधने' तिथंच उरकतात. हे अहवाल कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. भाड्याचे दर आणि रिकाम्या जागेचं प्रमाण ताडून पाहायला ते फार सोयीचे आहेत. पण या कंपन्या जागांच्या व्यवहारात सल्लागार आणि मध्यस्थ असतात. त्यांचा वाचक गुंतवणूकदार नाहीतर भाडेकरू कंपनी. मोजणीही त्यांच्याच गरजेची. आपला प्रश्न वेगळा असेल तर तोच आकडा आपल्याला फसवतो.

'नवा पुरवठा' हा शब्द घ्या. इमारत पूर्ण होऊन वापरायोग्य झाली की ती यात धरतात, तीही बहुधा 'ग्रेड ए' असेल तरच. समजा, एका टॉवरचं काम २०२० ते २०२४ चाललं. अहवालात त्याचे सगळे चौरस फूट २०२४ च्या एका तिमाहीत दिसतील. आता आपल्या मुखेड-कंधारकडून सेंट्रिंगवर, बिगारी कामावर जाणाऱ्या माणसांचा विचार करा. त्यांचे बहुतेक दिवस आधीच्या वर्षांत भरले. स्थलांतर आणि नवा पुरवठा यांचा वर्षवार सहसंबंध काढलात, तर पुरवठा वाढतो तेव्हा माणसं गावी परतलेली, असं उलटंच चित्र निघू शकतं. मग 'बांधकामाचा स्थलांतराशी संबंध नाही' हा निष्कर्ष आयता तयार!

दुसरा शब्द 'निव्वळ शोषण', म्हणजे वापरात असलेल्या जागेत झालेली निव्वळ वाढ. एमएमआरडीए १९७५ साली स्थापन झाली. दक्षिण मुंबईवरचा ऑफिसांचा भार हलका करणं हा वांद्रे-कुर्ला संकुलामागचा एक हेतू. एखादी कंपनी नरिमन पॉइंट सोडून तेवढीच जागा बीकेसीत घेते, तेव्हा बीकेसीचा आकडा फुगतो. जुनी जागा रिकामी राहिली तर शहराची बेरीज मात्र शून्य. त्यात काही अहवाल आजूबाजूचा भाग 'ऑफ-बीकेसी' म्हणून जोडतात. म्हणून दोन अहवालांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हद्द आणि व्याख्या तपासा. ती बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर असते.

मग करायचं काय? इमारतीचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या तारखा मिळवा. काम कोणत्या वर्षांत चाललं याचा अंदाज त्यातून येतो. विक्रीसाठीचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर सापडतात. बांधकाम कामगारांची सरकारी नोंदणी जरूर वापरा, पण १९९६ च्या कायद्यात नोंदणीसाठी आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट होती, हे ध्यानात ठेवा. मुकादम बदलत, साइट बदलत फिरणाऱ्याला तो दाखला मिळवणं सोपं नसतं. त्यामुळं ही यादीही अपुरीच. शेवटी गावात बसून विचारावंच लागतं: कोणत्या साली गेलात, कोणत्या साइटवर, किती दिवस?

व्हायवात 'हा आकडा कुठून घेतला?' असं विचारतीलच. तुम्ही त्याच्या पुढच्या प्रश्नाची तयारी करा: हा आकडा कुणी, कशासाठी मोजला, आणि मोजताना कुणाला वगळलं?