‘ठळक’ आणि ‘स्पष्ट’ : प्राथमिक नेत्रसेवेच्या प्रात्यक्षिक शिक्षणाविषयी काही आक्षेप

नेत्रपरीक्षेसारख्या विषयात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लक्ष घालावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु डोळ्यांस नंबर किती हे ठरविण्याची जी रूढ रीत आहे, तिचा उत्तरार्ध सर्वस्वी प्रश्नोत्तरांवर चालतो. परीक्षक भिंग बदलतो आणि विचारतो; रुग्ण पाहतो आणि सांगतो. या सांगण्यावर चष्मा ठरतो. असे असता ऑप्टोमेट्रिस्टांच्या प्रात्यक्षिक शिक्षणात हाताच्या कौशल्याचीच गणना व्हावी आणि प्रश्नाच्या शब्दरचनेकडे कोणी पाहू नये, ही उणीव किरकोळ नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत ग्रंथालयात बसून बनलेले नाही. सिल्लोड तालुक्यातील एका नेत्रतपासणी शिबिरात दोन दिवस बसण्याचा योग आला, त्यातून ते बनले. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव. कापूस, मका आणि मिरची ही येथली पिके. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बाजारात आजही मराठीच्या जोडीने दखनी उर्दू ऐकू येते आणि तांड्यांवरून येणारी माणसे घरी गोरमाटी बोलतात. अशा ठिकाणी रुग्णाची पहिली गाठ पडते ती नेत्रशल्यविशारदाशी नव्हे. ती पडते ऑप्टोमेट्रिस्टाशी किंवा शासकीय रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याशी. (‘ऑप्टोमेट्रिस्ट’ हा शब्द खेड्यात कोणी उच्चारत नाही; ‘चष्म्याचा डॉक्टर’ म्हणतात, आणि त्यामुळे हा मनुष्य चष्म्याखेरीज आणखी काही ओळखू शकतो, ही कल्पनाच मावळते.)

शिबिरात दहावीतला एक मुलगा आला. फळा दिसत नाही, ही तक्रार. शिकाऊ परीक्षकाने रेटिनोस्कोपचे काम सफाईने केले, ट्रायल फ्रेममध्ये ऋण भिंग घातले आणि विचारण्यास आरंभ केला, “पहिलं ठळक, की दुसरं?” मुलगा प्रत्येक वेळी अधिक ऋण भिंगाकडे बोट करी. नंबर वाढत चालला. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ अध्यापिकेने मग हात धरला. धन भिंगाने डोळा अंधुक करून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि प्रश्नच बदलला, “आता खालची ओळ वाचता येते का? वाच.” पूर्वीच्यापेक्षा पाऊण नंबर कमी असतानाही त्याने तीच ओळ वाचली.

येथे दोष हाताचा नव्हता, शब्दाचा होता. ऋण भिंगाची शक्ती गरजेपेक्षा वाढविली की अक्षरे लहान व अधिक काळी भासतात. तरुण डोळा आपल्या समायोजनशक्तीने ती जास्तीची शक्ती पचवितो, आणि पुढे वाचताना त्याचा शीण व डोकेदुखी भोगतो. मराठीत ‘ठळक’ म्हणजे जाड, गडद, उठून दिसणारे. ‘स्पष्ट’ म्हणजे कडा सुटलेले, ओळखू येणारे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. अक्षर खरोखरच ठळक झाले होते! ‘कोणतं चांगलं?’ हा प्रश्न तर याहून घातक, कारण आपल्याकडे वडीलधारी माणसे डॉक्टराचे मन मोडीत नाहीत. एका आजीबाईंनी सहा वेळा एकच उत्तर दिले, “दोन्ही चांगलेच हायेत, बाबा.”

स्वयंचलित यंत्राने नंबर काढला म्हणजे ही कटकट मिटते, असा प्रतिवाद नेहमी ऐकू येतो. तो पुरता खरा नाही. यंत्रही कोवळ्या वयात, डोळ्यांचे समायोजन औषधाने शिथिल केलेले नसल्यास, ऋणाकडे झुकते. आणि यंत्राने दिलेला आकडा माणसास मानवतो की नाही, हे अखेर विचारूनच कळते.

शिक्षणाची मोजणी सध्या मुख्यतः तासांची आहे. सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टास अनुसूचीत स्थान दिले, हे स्वागतार्हच होय. त्याच कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांची अट आहे. तासांविना कौशल्य येत नाही, हे मान्य. परंतु तासांनी ते आले की नाही, हे कळत नाही. संभाषणाचा विषय असलाच तर तो बहुधा आरंभीच्या काळात इंग्रजीच्या जोडीने उरकला जातो, आणि रुग्णासमोर विद्यार्थी बसतो तेव्हा तो कोणाच्या ध्यानातही नसतो.

चष्म्याचा नंबर चुकला तर तो दुरुस्त होतो. काचबिंदूचे तसे नाही. मराठीने ‘मोतीबिंदू’ आणि ‘काचबिंदू’ हे दोन शब्द एकाच साच्यातून काढले, आणि साच्याच्या साम्यावरून लोकांनी रोगांचेही साम्य गृहीत धरले. मोतीबिंदू ‘पिकतो’. हे फळाचे रूपक जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात उपयोगी होते, कारण तेव्हा तो पक्व होण्याची वाट पाहत. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची रीत आणली, आणि थांबण्याचे कारण उरले नाही. भाषेतील फळ मात्र अजून पिकतेच आहे. अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्याचा दाब वाढतो, हा धोका त्या रूपकात कोठे बसत नाही. आता काचबिंदू झाल्याचे ऐकून मनुष्य म्हणतो, पिकू द्या, मग काढू. आणि येथे पिकण्याची वाट पाहणे म्हणजे दृष्टीची मज्जा मरण्याची वाट पाहणे. गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. त्यातून हा रोग बहुधा दुखत नाही. दक्षिण भारतातील लोकसंख्या-पाहण्यांत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांपैकी बहुसंख्यांस तो आपणांस आहे हे पूर्वी ठाऊकच नव्हते. दाब मोजणे, बाहुलीची प्रतिक्रिया विजेरीने पाहणे, मज्जेच्या चकतीवरील खळगा ओळखणे ही कौशल्ये प्राथमिक नेत्रसेवेत अवश्य हवीत. पण ती साध्य झाल्यावर रुग्णास वरच्या रुग्णालयात जाण्यास प्रवृत्त करणारे वाक्य कोण शिकविणार? “हा पिकणारा बिंदू नव्हे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं आहे” एवढे तीन उपवाक्यांचे बोलणे विद्यार्थ्याच्या जिभेवर असले पाहिजे. ते ऐकले नाही, तर एक दिवसाची मजुरी बुडवून सुमारे पासष्ट किलोमीटरवरील घाटीत कोणी का जावे?

हीच गत ‘कचरा’ या शब्दाची. डोळा लाल झालेला शेतमजूर ‘कचरा गेला’ म्हणून मोकळा होतो. तो मक्याच्या पात्याचा होता की रस्त्यावरील धुळीचा, हे पुढे विचारले नाही, तर बुबुळावरील बुरशीजन्य जखमेचा संशय येत नाही. आणि अशा डोळ्यात दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब पडले की डोळा हातचा जातो.

ऑप्टोमेट्रीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने रेटिनोस्कोपबरोबर विद्यार्थ्याचा प्रश्नही ऐकावा, आणि त्यास गुण ठेवावेत. निरक्षर रुग्णासमोर ‘ई’चा तक्ता धरून ‘डावीकडे की उजवीकडे’ विचारणाऱ्याने ती डावी बाजू कोणाची हे ठरविले आहे काय, की कापलेला ‘ई’ रुग्णाच्या हाती देऊन तो भाषेवाचून फिरवू दिला आहे, हेही पाहावे. दुसरे असे की, रुग्णपत्रिकेवर तक्रारीची ओळ रुग्णाच्याच शब्दांत, देवनागरीत लिहिली जावी. शिबिरातील कागद मी चाळले. अंधुक, भुरकट, ‘जाळं आलं’, ‘इजा चमकत्यात’, ‘पडदा आल्यागत झालं’ हे सारे शब्द मी कानांनी ऐकले होते. कागदावर या सर्वांचे इंग्रजीत एकच भाषांतर होते, दृष्टी कमी झाली. ‘जाळं’ म्हणणाऱ्यास पुढील आठवड्याची तारीख चालते. विजा चमकून एका बाजूने पडदा आला म्हणणाऱ्याचे दृष्टिपटल सुटत असण्याचा संभव असतो, आणि त्यास त्याच दिवशी पाठवावयाचे असते.