भाषेची साक्ष आणि आश्रयार्थींचा न्याय

बायबलाच्या जुन्या करारातील 'शास्ते' या ग्रंथात एक दारुण कथा आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी सैनिकांनी पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा एकच शब्द उच्चारावयास लावला. ज्याच्या मुखातून 'सिब्बोलेथ' आले तो एफ्राइमी ठरला आणि तेथेच मारला गेला. उच्चारावरून माणसाचे मूळ ठरविण्याची ही रीत आता इतिहासजमा झाली असेल, असा वाचकांचा समज असल्यास तो बरोबर नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून युरोपातील काही राष्ट्रांनी आणि पुढे ऑस्ट्रेलियाने तिचा निराळ्या रूपाने स्वीकार केला आहे.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाची साधार भीती असणाऱ्यास निर्वासित म्हणून संरक्षण मिळते. परंतु जीव घेऊन पळणाऱ्यापाशी कागदपत्रे क्वचितच असतात. मग त्याचे संभाषण ध्वनिमुद्रित करून कोणा परीक्षकाकडे धाडले जाते, आणि हा मनुष्य सांगतो त्या देशाचा आहे की नाही याविषयी तो परीक्षक अभिप्राय देतो. हा अभिप्राय प्रतिकूल गेला तर त्या मनुष्यास परत पाठविले जाण्याचा संभव असतो.

या प्रकाराविरुद्ध जून २००४ मध्ये निरनिराळ्या देशांतील एकोणीस भाषाशास्त्रज्ञांनी अकरा मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. आश्रयार्थींना न्याय मिळावा म्हणून आमच्या शास्त्राच्या उपासकांनी केलेला हा सर्वांत महत्त्वाचा सामुदायिक प्रयत्न होय. त्याच्या गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य आहे.

सूत्रांचा पाया भक्कम आहे. राष्ट्रीयत्व ही राजकीय बाब आहे. भाषेशी तिचा अनिवार्य संबंध नाही. भाषेवरून फार तर त्या व्यक्तीची भाषिक जडणघडण कोठे झाली एवढेच, तेही मर्यादित निश्चितीने, सांगता येते. मराठी वाचकांस हे पटवून द्यावयास नको. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा बेळगावचा मराठी मनुष्य मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या तोंडची बोली मात्र होती तेथेच राहिली. तंजावरची मराठी तर सुमारे तीन शतके तमिळ मुलखात नांदत आहे. बारा कोसांवर भाषा बदलते खरी. पण ती राज्यकर्त्यांनी रोवलेल्या सीमेच्या दगडापाशीच बदलते असे नव्हे.

भाषामिश्रणाविषयीचे सूत्रही मोलाचे आहे. डायना ईड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ऑस्ट्रेलियातील अफगाण आश्रयार्थींच्या निर्णयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हजारा लोकांच्या बोलण्यात एखाददुसरा उर्दू वा इराणी शब्द आढळला की ते अफगाणिस्तानाबाहेरचे ठरविले जात, असे त्यात दिसून आले. वस्तुतः कित्येक हजारा कुटुंबे क्वेट्ट्यात व इराणात वर्षानुवर्षे आसरा घेऊन राहिली आहेत. पलायनाच्या वाटेवर जिभेला चिकटलेला शब्द, जो खरे तर पलायनाचाच पुरावा, तोच आश्रयार्थीच्या विरुद्ध साक्षीस उभा केला गेला.

तथापि या सूत्रांत दोन उणिवा जाणवतात. परीक्षणाचे काम शिक्षित भाषाशास्त्रज्ञानेच करावे, केवळ ती भाषा बोलणाऱ्याने नव्हे, असा त्यांचा आग्रह आहे. परंतु घानातील इंग्रजीसंबंधी पुढे झालेल्या एका प्रयोगात मूळ भाषकांचा कान भाषाशास्त्रज्ञांच्या कानाहून सरस ठरला. कोकणातला माणूस दोन वाक्यांत गाव ओळखतो. आम्हांस त्यासाठी कोष्टके मांडावी लागतात. पण आपण ते कशावरून ओळखले हे त्याला बहुधा सांगता येत नाही, आणि न्यायासनापुढे कारण हवे असते. तेव्हा दोघांनी मिळून काम करावे, हे अधिक युक्त. सूत्रकारांनी आपल्या व्यवसायाची बाजू थोडी अधिकच उचलून धरली, असे म्हणणे भाग आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. 'जडणघडणीचा देश' ही कल्पना प्रत्येकाचे बालपण एका ठिकाणी स्थिर गेले असे गृहीत धरते. यान ब्लोमार्ट यांनी २००९ साली रवांडाच्या एका तरुणाची हकीकत विवेचिली आहे. त्याला युगांडातील एक भाषा येत होती, एवढ्यावरून इंग्लंडातील अधिकाऱ्यांनी त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखविला. युद्धाने ज्याचे बालपण देशोदेशी विखुरले, त्याची वाणी विखुरलेलीच असणार.

न्यायालयांत या चळवळीच्या भूमिकेशी जुळणारा विचार काही अंशी दिसू लागला आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरविले की एका स्वीडिश संस्थेचे भाषापरीक्षणाचे अहवाल पुराव्यात घेता येतील. परंतु त्यांस किती वजन द्यावयाचे याचा सरसकट दंडक घालता येणार नाही, आणि परीक्षकाने आपल्या ज्ञानाच्या कक्षेबाहेर बोलू नये. उलटपक्षी जर्मनीच्या निर्वासितविषयक मध्यवर्ती कार्यालयाने २०१७ साली अरबी बोली ओळखणारी संगणकीय यंत्रणा वापरावयास घेतली. माणसाची उलटतपासणी करता येते. यंत्राची कशी करावयाची?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो आपला आहे. बोलीभूगोलाचे नकाशे आम्ही जिज्ञासेपोटी काढतो. ते कोणाच्या हाती जातील आणि कोणाविरुद्ध वाचले जातील याची जबाबदारी आम्हांस टाळता येणार नाही. आपल्या शास्त्राला काय सांगता येत नाही हे स्पष्ट शब्दांत सांगणे, हीही शास्त्राचीच सेवा होय. या अकरा सूत्रांनी ती केली, आणि उणिवा जमेस धरूनही त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.