आडनावाचा वारसा आणि टेसची शोकांतिका

थॉमस हार्डी यांच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) या कादंबरीतील आडनावामागे डॉर्सेट परगण्यातील बेअर रेजिस येथील टर्बरव्हिल हे नॉर्मन वंशाचे घराणे आहे. टेसची शोकांतिका ही आनुवंशिकतेची परिणती मानणारे वाचन मात्र अपुरे ठरते. कादंबरीत खऱ्या वंशजांकडे ‘डर्बीफील्ड’ हे अपभ्रष्ट रूप उरते. मूळ आडनाव सायमन स्टोक हा धनिक व्यापारी ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथांतून निवडून धारण करतो. घोड्याच्या मृत्यूने उपजीविका खुंटल्यावर आईवडील टेसला याच बनावट नातलगांकडे पाठवितात व तिथल्या ॲलेककडून तिच्यावर अत्याचार होतो. म्हणून तिच्या नाशाचे कारण वंशापेक्षा कुलीनतेच्या सामाजिक मोहात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.