रोबोट हुशार, पण तोंड उघडतं का?

घशातली गाठ तोंडावाटे काढणाऱ्या दा विंची रोबोटचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत या कामासाठी त्याला २००९ साली मंजुरी मिळाली. पण मूळ यंत्र पोट-छातीसाठी घडवलेलं. त्याचे हात वेगवेगळ्या बाजूंनी येतात आणि तोंडाच्या अरुंद जागेत एकमेकांना अडतात. नव्या एसपी मॉडेलमध्ये कॅमेरा आणि तीन अवजारं २.५ सेंटिमीटरच्या एकाच नळीतून आत जातात. सुधारणा खरीच! तरी जबडा उघडा धरणारी, जीभ दाबणारी साधी धातूची चौकट लागतेच. मग सुपारी-गुटख्याने ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याचं काय? रोबोटची स्तुती वाचताना हा प्रश्न नक्की विचारा.